निळ्या रंगात अडकलेला कापूस

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रे गन आहे आणि मी चिडलेली आहे. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी रडवेल्या सुरात सांगतात. मला ते जमत नाही. मला एकच तोंड आहे, पितळेचं, आणि तेही बहुतेक वेळा वाळलेल्या रंगाने बुजलेलं असतं. आज ते मोकळं आहे, तेव्हा ऐकून घ्या.

माझ्या डोक्यावर एक पेला आहे. त्यात रंग ओततात. मागून रबरी नळी लावतात आणि त्या नळीतून कंप्रेसरची हवा येते. घोडा दाबला की हवेबरोबर रंग बारीक होऊन बाहेर पडतो आणि पत्र्यावर किंवा लाकडावर जाऊन बसतो. काम एवढंच, पण त्याच्या दोन अटी आहेत. काम झालं की मला थिनरने धुवायचं, आणि रंग ओला असताना त्यावर धूळ बसू द्यायची नाही. या अटी मी घातलेल्या नाहीत, रंगाच्याच त्या अटी आहेत.

मी बनले दूर कुठल्यातरी कारखान्यात. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते बेल्लमपल्लीपासून. तिथल्या एका गॅरेजात पांडुरंगराव नावाचे उस्ताद बस रंगवायचे. कोळशाच्या खाणीचं गाव ते, सकाळी पुसलेली खिडकी दुपारपर्यंत काळी व्हायची. म्हणून उस्ताद रंगकाम सुरू करण्याआधी दारांना, खिडक्यांना ओल्या पोत्यांचे पडदे बांधायचे. उडणारी धूळ त्या ओल्या पोत्यांवर चिकटायची, आत यायची नाही. संध्याकाळी मला धुतल्याशिवाय उस्ताद भाकरीला हात लावत नसत. त्या वर्षांत माझं खूप कौतुक झालं. लोक बसच्या पत्र्यात बघून भांग पाडायचे.

उस्तादांचे हात थकले तेव्हा त्यांनी मला आपल्या चेल्याच्या हवाली केलं. तो चेला म्हणजे सुधाकरराव. त्यांनी आदिलाबादला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगचं दुकान टाकलं आणि दुकानामागेच दोन खोल्यांत संसार मांडला. इथे कोळसा नाही, पण दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि सगळ्या रस्त्यावर कापूस उडतो. ओल्या रंगाला कापसासारखा वैरी नाही. एक तंतू बसला की तो काढताना रंगही निघतो. म्हणून उस्तादांची ओली पोती इथेही आली. ती भिजवायचं काम सुधाकररावांच्या बायकोचं, आशाबाईंचं. त्या मोठी बादली भरायच्या, पोती बुडवून पिळायच्या आणि दारावर ताणून बांधायच्या.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग दुकानात एक नवी गन आली, मोठ्या पेल्याची, चकचकीत. तिला खुंटी मिळाली आणि मला खिळा. मोठं काम तिच्याकडे, अस्तराचं म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचं आणि किरकोळ काम माझ्याकडे. तेही मी केलं असतं. पण सुधाकररावांनी मला धुणं सोडलं. माझ्या आत तांबडं अस्तर वाळून त्याच्या खपल्या धरल्या. तुमच्या तोंडात कालचा घास तसाच ठेवून कुणी तुम्हाला गाणं म्हणायला सांगितलं तर कसं वाटेल? मला रोज तसं वाटायचं.

गेल्या डिसेंबरात प्रगती आली. ती जवळच्याच गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. तिचे वडील रामाजी गुरुजी त्याच शाळेत शिकवायचे आणि सुधाकरराव त्यांच्याच हाताखाली शिकले होते. प्रगतीच्या काखेत लाकडाचा एक जाड आकार होता, दोन्ही बाजूंनी कमरेसारखा आत गेलेला. शाळेतल्या मोडक्या बाकाची सागवानी फळी मागून घेऊन, मोबाइलवर बघून बघून तिने तो स्वतः कापला होता, घासला होता.

"हे काय हाय, मॅडम?" सुधाकररावांनी विचारलं.

"गिटार हाय, काका, विजेवर वाजणारी. अजून व्हायची हाय. रंग झाला की दांडी बसवीन, तारा लावीन."

तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी शाळेच्या मुली गाणं म्हणणार होत्या आणि प्रगती गिटार वाजवणार होती. फळी कापायला घेतली त्या दिवशीच तिने मुलींना सांगून ठेवलं होतं की ही गिटार बाजारातून येणार नाही, आपल्या बाकातून येणार. मुली रोज विचारत होत्या, बाई, झाली का? रंग चांगला वाळायला काही दिवस लागतात. काम लांबलं असतं तर तिला रिकाम्या हाताने मुलींसमोर उभं राहावं लागलं असतं.

"कोणता रंग मारू?"

"निळा."

"तुमच्या लोकायले निळाच लागते," सुधाकरराव हसून म्हणाले.

प्रगती हसली नाही. "हो काका. निळाच," ती म्हणाली आणि निघून गेली.

मित्रांनो, माझ्या पोटातून तांबडा गेला, हिरवा गेला, भगवा गेला, निळाही गेला. मला त्यांच्यात वरचा-खालचा कधी दिसला नाही. सगळे एकाच थिनरमध्ये विरघळतात. हे माझ्यासारख्या पत्र्याच्या वस्तूला कळतं आणि दोन हात, एक डोकं असलेल्या माणसाला कळत नाही, याचा मला संताप येतो.

गिटार माझ्या शेजारच्या खिळ्याला लटकली. बापूजींची ट्रॉली आली. बापूजी म्हणजे गावातले मोठे शेतकरी, प्रत्येक कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर बसणारे. त्यांच्या ट्रॉलीसाठी आशाबाईंनी पोती भिजवली, जमिनीवर पाणी मारलं, नव्या गनने काम झालं. मग त्यांच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर आला. पुन्हा पोती, पुन्हा पाणी. त्या दिवसांत प्रगती दोनदा येऊन गेली, दारावरची ओली पोती तिने पाहिली. दोन्ही वेळा तिला "करून राह्यलो ना" एवढंच उत्तर मिळालं. लटकलेल्या लाकडावर धूळ बसत होती आणि ती बघण्यावाचून मला काही करता येत नव्हतं.

शेवटी एका भर दुपारी सुधाकररावांनी गिटार खाली काढली. बाहेर गाड्यांची रांग होती आणि कापूस नुसता भिरभिरत होता. आशाबाई सवयीने बादली भरू लागल्या.

"राहू दे," सुधाकरराव म्हणाले. "लाकडाचं खेळणं हाय. त्याच्यासाठी कोण पोते भिजवते?"

त्यांनी मला खिळ्यावरून ओढलं, न धुताच माझ्या पेल्यात निळा रंग ओतला आणि घोडा दाबला. मी काय करणार? माझ्या आतल्या तांबड्या खपल्या सुटल्या आणि निळ्यावर तांबडे ठिपके उडाले. एका कडेला रंग ओघळला. उघड्या दारातून कापूस आत आला आणि त्या ओल्या निळ्यावर आरामात बसला. सुधाकररावांनी एकदा बघितलं आणि चहा प्यायला गेले.

संध्याकाळी प्रगती आली. तिने गिटार उजेडात धरली. तंतूंवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला, पण ती काही बोलायच्या आत सुधाकररावांनीच मला उचलून टेबलावर आपटलं.

"हे गनच बेकार हाय. उद्या भंगारात देतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बेकार! ज्या गनने बेल्लमपल्लीच्या बस आरशासारख्या केल्या, ती बेकार! मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

प्रगती माझ्याकडे बघतच नव्हती. ती दाराकडे बघत होती. तिथे ट्रॉलीच्या वेळची पोती एका कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती, कोरडी ठणठणीत.

"काका, ट्रॉलीले पोते बांधले होते," ती म्हणाली. "गिटारले काऊन नाई बांधले?"

आवाज चढवला नाही तिने. वर्गात एखाद्या मुलाला गणिताची पायरी कुठे सुटली ते विचारावं, तसं विचारलं. सुधाकरराव मला पुसू लागले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही कोरड्या फडक्याने.

"घाईत होतो," ते म्हणाले.

"मी बादली भरत होती," मागच्या दारातून आशाबाई म्हणाल्या. "तुमीच म्हटलं राहू दे. तुमाले शिकवताना गुरुजीनं म्हटलं असतं का, हे पोरगं राहू दे?"

सुधाकरराव कोरडं फडकं माझ्यावरून फिरवत राहिले. प्रगतीने पॉलिश पेपर मागून घेतला, पायरीवर बसली आणि सगळा निळा घासून काढायला लागली. अंधार पडेपर्यंत ती घासत होती. ती गेल्यावर उरलेला रंग आशाबाई घासायला बसल्या. घासता घासता त्यांनी एका वाटीत थिनर ओतलं, माझे सगळे भाग सुटे केले आणि त्यात टाकले. रात्रभर माझ्या आतल्या खपल्या सुटत राहिल्या. किती वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापू लागलं, पण गाड्यांची रांग अजून लागायची होती. पोती कुणी भिजवली माहीत आहे? सुधाकररावांनी. स्वतः. धड पिळता येत नव्हती त्यांना, सगळी चप्पल भिजली. नव्या गनचा फवारा एवढ्याशा लाकडासाठी फार रुंद पडतो, म्हणून त्यांना माझ्याकडेच यावं लागलं. रंगाचा एक पातळ हात, थोडा वेळ थांबायचं, पुन्हा पातळ हात. उस्तादांनी शिकवलेलं त्यांचं मनगट ते सगळं विसरलं नव्हतं. तोवर गाड्या येऊ लागल्या. पोत्यांवर बाहेरून कापूस चिकटत होता आणि आत निळा रंग शांतपणे बसत होता. एकही तंतू नाही, एकही ठिपका नाही.

तीन जानेवारीला गिटार वाजली. आशाबाई जाऊन आल्या, त्यांनीच सांगितलं. गाणं संपल्यावर मुली गिटारला हात लावून बघत होत्या आणि एक मुलगी म्हणाली, यावर मी बसत होते. सुधाकरराव गेले नाहीत. दुकानात काम आहे म्हणाले. दुकानात काही काम नव्हतं.

तुम्हाला वाटेल आता माझा राग गेला. नाही गेला. एका चांगल्या सकाळीने एवढ्या वर्षांच्या खपल्या जात नाहीत. पण परवाची गोष्ट सांगते. उटनूरकडच्या एका खेड्यातली बाई लेकीची पत्र्याची पेटी घेऊन आली. पोरगी वसतिगृहात जाणार होती, तिला पेटी पिवळी हवी होती. पेटी केवढी, तर काखेत मावेल एवढी. बाहेर गाड्यांची रांग होती. आशाबाई बादलीपाशी उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या, आणि मीही बघत होते.

"पोते भिजव," सुधाकरराव म्हणाले.

तेवढ्यावर मी त्यांना सोडलेलं नाही, मित्रांनो. त्या संध्याकाळी ते मला धुवायचं पुन्हा विसरले. माझ्या पोटात पिवळा वाळत असताना आशाबाईंनी मला शोधून काढलं आणि धुतलं. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी खिळ्याला टांगलेलं असेल, आणि तुमच्या दारातही कुणीतरी छोटं काम घेऊन उभं राहत असेल. त्याला बघून पोती भिजवायची की नाही, हे ठरवत बसू नका. आधी बादली भरा.