बायकोच्या नावाचा एक मार्क

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर आमच्या ह्यांचा हात सुधारला, जीभ सुधारली, स्वभाव तेवढा होता तसाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे. त्याने मेंदू तरतरीत राहतो म्हणे. शिवाय दर महिन्याला त्यांच्यासमोर स्मरणशक्तीची दहा मार्कांची तोंडी परीक्षा.

परीक्षेत हे वार सांगत, तारीख सांगत, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतला आपला जुना टोकन नंबरसुद्धा सांगत. शेवटचा प्रश्न बायकोच्या नावाचा. तिथे हे माझ्याकडे बोट करून म्हणत, "ही." तीन महिने दहापैकी नऊ.

आता बेचाळीस वर्षांत ह्यांनी मला 'अवं'शिवाय दुसरी हाक मारलेली नाही. मग नाव विसरले, की घ्यायची सवयच नाही, हे कळायचं कसं? मला भीतीही वाटली आणि रागही आला. हा माणूस मलाच विसरला, तर मी भांडू कोणाशी?

तो राग मी चालण्यावर काढला. आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या गल्ल्यांतून मी पुढे, हे मागे. पोहे-जलेबीच्या ठेल्यापाशी ह्यांचा दम बरोबर संपायचा आणि खाऊन झालं की परत यायचा. एका सकाळी मी थांबलेच नाही. तरातरा पुढे निघाले.

मागून आवाज आला, "इंदू, काहून पळून राहिली? थांब ना."

ठेल्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. मी तशीच मागे फिरले. इंदू हे माझं माहेरचं नाव. सासूबाईंना ते पसंत नव्हतं, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने ह्यांनीच 'वसुधा' लिहिलं. माझे आईवडील गेल्यावर मला इंदू म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

"तुमच्या लक्षात आहे?" मी विचारलं.

"मले तेच आवडे," हे धापा टाकत म्हणाले. "आईसमोर बोललो नाही."

मला भर रस्त्यात रडू आलं. ह्यांनी माझ्या हातात जलेबी ठेवली.

पुढच्या परीक्षेत ह्यांनी छाती काढून 'इंदू' सांगितलं. बाईंनी कागदावर 'वसुधा' वाचलं, हळहळल्या, एक मार्क कापला आणि चालणं अर्ध्याचं पाऊण तास केलं. हे माझ्याकडे बघत राहिले, सांग ना आता, अशा नजरेने.

मी तोंड उघडलं नाही. रोज पाऊण तास मागून इंदू ऐकायला मिळणार होतं.