भांगाचे दिवस

हेमा टीचरांनी लाल पेनाचं टोपण दाताने काढलं, ‘भांगाचे दिवस’ यातल्या ‘गा’वर काट मारली आणि वर ‘गे’ लिहिलं. भांग स्त्रीलिंगी. ती भांग, भांगेचे दिवस. आठवीतल्या मुलीला एवढं तरी यायला हवं. त्या पुढच्या वहीकडे वळल्यासुद्धा, आणि मग आपण नेमकं काय दुरुस्त केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी सान्वीची वही पुन्हा ओढली.

वही खाडीची होती. कोलशेतच्या त्या शाळेत एका संस्थेने पर्यावरणाचा उपक्रम सुरू केला होता. आठवीतल्या बारा मुलांना बारा वह्या, तापमापक आणि पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्या दिल्या होत्या. दर शनिवारी खाडीवर जायचं, पाण्याचा रंग, वास, तापमान लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात शेरा द्यायचा. अकरा वह्यांत शेरा एकच होता : ‘पाणी प्रदूषित आहे. आपण काळजी घेतली पाहिजे.’ सान्वी मात्र मनाचं लिहायची. ‘तिवरात दोन बगळे. खेकड्यांची बिळं नवी.’ हेमा टीचरांना ते मनातून आवडायचं. त्या तसं कधी बोलल्या नव्हत्या, ते सोडा.

आता त्यांनी पानं उलटी चाळली. ‘भांगाचे दिवस. आजोबा घरी. पडून होते.’ पंधरा दिवसांपूर्वी पुन्हा तेच. त्याच्या आधीच्या पंधरवड्यातही तेच. दिवाळीपासून पाच वेळा. पाचही ठिकाणी त्यांनी ‘गा’चा ‘गे’ केला, कारण एक चूक सुधारली आणि चार सोडल्या हे त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. 

सान्वीचे आजोबा म्हणजे काळुराम. गावठाणातले जुने मासेमार. येत्या शनिवारी या बारा मुलांना खाडीच्या मध्यापर्यंत जी होडी नेणार होती, ती त्यांचीच. आणि अष्टमीचा तो शनिवार त्यांनी स्वतःच सांगितला होता. पंधरवड्याचा हिशेब जुळत होता.

संशय घेणं हा आपला स्वभाव नाही, ते आपलं काम आहे, असं हेमा टीचर म्हणायच्या. शिक्षकांच्या खोलीत यावर दुमत होतं. पण बारा वर्षांपूर्वी सहलीच्या बसच्या ड्रायव्हरच्या तोंडाला वास येतोय, हे त्यांनीच ओळखलं होतं आणि घाटाच्या पायथ्याशी चाळीस मुलं खाली उतरवली होती. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या नाकावर जरा जास्तच विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सान्वीला थांबवलं.

“हे तू लिहितेस ना, या दिवसांत आजोबा काय करतात गं?”

“काही नाही टीचर. पडून असतात. कधी जाळं शिवतात.”

“घरात कुणी काही बोलत नाही?”

“काय बोलणार?” सान्वीला प्रश्नच कळला नाही. “आमच्या आळीत सगळ्यांचंच तसं असतं. त्या दिवसांत कोणीच जात नाही पाण्यात.”

सगळ्यांचंच! हेमा टीचरांनी पदर सावरला.

“तू सवयीने लिहून गेलीस, ठीक आहे. पण शब्द भांगेचे असा आहे. नीट लिहीत जा.”

“हो टीचर,” सान्वी म्हणाली. ती गुणी मुलगी होती.

त्याच दुपारी हेमा टीचरांनी सहल एक आठवडा पुढे ढकलली. मुख्याध्यापिका विनिता मॅडमना सांगितलं, लाइफ जॅकेट तपासून घ्यायची आहेत. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण एका म्हाताऱ्याची अब्रू पुराव्याशिवाय चव्हाट्यावर आणणं त्याहून वाईट. पुढच्या शनिवारी पौर्णिमा होती. वहीत पौर्णिमेच्या आसपास कुठेही भांग नव्हती. ‘आजोबा पहाटेच गेले’ अशी नोंद होती. म्हणजे माणूस त्या दिवशी शुद्धीत असणार.

गुरुवारी सान्वी निरोप घेऊन आली.

“टीचर, आजोबा बोलले पौर्णिमेला नाही नेणार. मी पोरांना भांगालाच नेईन, बोलले.” मग तिने जीभ चावली. “सॉरी. भांगेलाच.”

हेमा टीचरांनी तिला वर्गात जायला सांगितलं. एवढा निर्ढावलेला माणूस! त्या रात्री ठाकुर्लीच्या घरी त्यांनी विनिता मॅडमच्या नावे अर्ज लिहिला. काळुराम यांची होडी रद्द करावी. तसंच कु. सान्वीच्या घरचं वातावरण पाहता तिचं नाव गटातून तूर्त कमी करून पालकांना बोलवावं. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांना बगळे आठवले, पण त्यांनी ते खोडलं नाही. अर्ज देण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं, इतका न्यायीपणा त्यांच्यात होता.

पौर्णिमेच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच धक्क्यावर गेल्या. अर्ज पर्समध्ये होता.

धक्क्याला चौदा पायऱ्या होत्या. मुलांना त्यांनी त्या कितीदा मोजायला लावल्या होत्या. आज तीन दिसत होत्या. बाकीचं सगळं पाणी होतं, आणि ते थांबलेलं नव्हतं. जलपर्णीचे पुंजके, एक निळा ड्रम, झाडाची आख्खी फांदी, सगळं कल्याणच्या दिशेने धावत चाललं होतं. दोराला बांधलेल्या होड्या हिसके मारत होत्या. काळुराम वरच्या पायरीवर जाळ्याचा फाटका कोपरा मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला सान्वी वही घेऊन.

हेमा टीचर त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हळूच श्वास आत ओढला. ओल्या जाळ्याचा वास आला. दुसरा कसलाही नाही.

“बघा बाय,” काळुराम पाण्याकडे हात करून म्हणाले, “यात बारा पोरां घालाची होती तुमाला.”

“हे... आज असं का आहे?”

“पुनव नाय का? उधान हाय. मी पहाटं जाऊन आलू, पन मी एकला. पोरांचं काम नाय ते. म्हनून तं बोल्लू, अष्टमीला न्हेतो. तवा पानी गरीब. चढत नाय, पलत नाय. जालीत पन काय गावत नाय, आमी घरीच लोलतो.” ते हसले. “त्यालाच भांग बोलतान. तुमाला तं ठावंच हाय, तुमीच लाल पेनानं लिवलंय.”

हेमा टीचरांनी पाण्याकडे पाहिलं. आपण जो दिवस निवडला होता तो समोर धावत होता. होडी निघाली असती तर बारा मुलं आत्ता त्या निळ्या ड्रमच्या बाजूला असती. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, आणि दोन्ही एकदमच वाटल्या.

“दाखव,” त्यांनी वहीसाठी हात पुढे केला.

सान्वीने मागची पाचही पानं रबराने खोडून, त्यावर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढली होती. भांगेचे दिवस. भांगेचे दिवस. खाली अष्टमीच्या गेल्या शनिवारची नवी नोंद : ‘भांगेचे दिवस. पाणी शांत. आजोबा होडी धुवून वाट बघत होते.’

“म्होरल्या शनवारी पुन्हा अष्टमी हाय,” काळुराम जाळं गुंडाळत उठले. “पोरांना घेऊन या बाय. भांगा...”

ते अडखळले. त्यांनी नातीकडे बघितलं. सान्वीने डोळ्यांनीच त्यांना काहीतरी आठवण करून दिली.

“भांगेला,” सत्तरी ओलांडलेले काळुराम शाळेतल्या मुलासारखे नीट उच्चारून म्हणाले. “भांगेला या.”

“भांगाला,” हेमा टीचर म्हणाल्या. मग सान्वीकडे बघून त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.