हातभर अंतरावरचा राक्षस

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. आठ महिने ते टेबलाच्या खणात पडून होतं, आणि ब्रश काढायला खण उघडला की आधी तेच दिसायचं.

पत्र आमच्या छापखान्यातल्या कंपोझिटरचं. बारा वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. तो अक्षरांचे खिळे जुळवायचा, मी प्रुफं तपासायचो. एकतीस वर्षांपूर्वी गणिताच्या एका पुस्तकात दोन धड्यांची उत्तरं उलटसुलट छापली गेली. तीन हजार प्रती रद्दीत गेल्या. शेवटच्या प्रुफानंतर कंपोझिटरनेच पानं हलवली असणार, असं मालकांनी ठरवून टाकलं. खरं तर चूक त्या प्रुफातच होती, आणि त्यावर ‘छापावे’ असं लिहून मी सही केली होती. ते प्रूफ तेव्हा छापखान्यातल्या माझ्याच खणात होतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. संध्याकाळी त्याची नोकरी गेली.

पत्रात त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं होतं: “त्या प्रुफावर तुझी सही होती ना? मला तसंच आठवतं. पण घरात हे सांगितलं की पोरं एकमेकांकडे बघून हसतात. तू सांग. डोळे अधू झालेत, मोठ्या अक्षरात लिही.”

उत्तराचे मसुदे मी बरेच केले. प्रत्येक मसुदा नमस्कारापासून सुरू व्हायचा आणि हवापाण्यापाशी अडकायचा.

अशात नातीने माझ्यापुढे एक राक्षस आणून ठेवला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडतात. नात गोष्ट सांगते, मैत्रिणी त्या गोष्टीतल्या शूर बायका होतात आणि फासे टाकून लढतात. लढायला समोर बोटभर उंचीचे प्लास्टिकचे राक्षस लागतात. ते नुसते करडे मिळतात, रंगवायचे आपणच.

“आजोबा, तुम्ही जन्मभर हरवलेले अनुस्वार शोधलेत,” ती म्हणाली. “डोळ्यांचे ठिपके तुम्हालाच जमतील.”

डोळे सात होते. राक्षस बेडकासारखा बसका, दलदलीत राहणारा, आणि येत्या शनिवारी तो पहिल्यांदा बाहेर येणार होता.

सोमवारी त्याला हिरवा रंग दिला. मंगळवारी तो फार उजळ वाटला, म्हणून वर गडद. बुधवारी तो फार गडद वाटला. मी उठायचो, खिडकीपाशी जायचो, परत बसायचो. ब्रश धुवायचं पाणी तासात तीनदा बदलायचो. भिंगातून पाहिलं की काही ना काही चुकलेलं दिसायचंच. चौथा डोळा छताकडे बघत होता. तो पुसून पुन्हा काढला, तर आता सहावा त्याच्याकडे रोखून बघत असल्यासारखा दिसायला लागला. खण उघडावा तर पत्र. खण लावावा तर राक्षस.

शुक्रवारी नात कामावरून आली आणि तिने तो उचलला.

“आजोबा, हा रंग आहे की गिलावा? याचे खवले कुठे गेले?”

खरंच, खवले बुजले होते. पाठ सारवल्यासारखी गुळगुळीत. माझा चेहरा पडला असावा, कारण ती रागावली नाही. तिने राक्षस स्पिरिटच्या बरणीत टाकला आणि झाकण लावलं.

“सकाळपर्यंत सगळा रंग सुटेल. मग पातळ दोन हात, डोळे, आणि बस्स.”

“आणि चुकलं तर?”

“तो टेबलावर असतो, आजोबा. आम्ही हातभर अंतरावरून बघतो त्याला. हात लांब करून धरायचा, कोण आहे ते कळलं की ब्रश खाली. भिंग द्या इकडे.”

भिंग घेताना तिचं लक्ष रंग कालवायच्या कागदांकडे गेलं. बाद झालेल्या मसुद्यांच्या पाठीवर मी रंग कालवत होतो. तिने एक उलटला.

“‘तुझे पत्र मिळून बरेच दिवस झाले.’ यावरही तेच. आणि यावरही. पत्राचाही गिलावा चाललाय?”

मग मी तिला सांगितलं. कुणालाही पहिल्यांदाच. कान तापले होते.

तिने मसुदा खाली ठेवला. “त्यांनी विचारलंय, सही होती का. होती?”

“होती.”

“मग?”

“असं एकदम कसं लिहायचं? आधी परिस्थिती समजावून सांगायला हवी...”

“कुणाची? त्यांची की तुमची?”

शनिवारी सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने राक्षस घासला. खवला न् खवला वर आला. दोन पातळ हात दिले, टूथपिकच्या टोकाने सात डोळे टिपले. बोटं भिंगाकडे जात होती. ते जागेवर नव्हतं. मी हात लांब केला. माझ्या वयाला नीट दिसतं ते तेवढ्याच अंतरावरून. राक्षस होता, झकास होता. ब्रश मी आणखी दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला.

दुपारी नातीच्या दंतवैद्य मैत्रिणीने त्याचं तोंड तपासलं. “आजोबा, दाढा किडल्यात याच्या. एक तरी काढावी लागणार.”

“चौथा डोळा जरा छताकडे बघतोय,” कुणी म्हणायच्या आत मीच म्हणालो.

“कुठला चौथा?” दुसरी म्हणाली. ती बस चालवते. “मला आत्ताच गिळलंय त्याने. आतून कसं सांगू?”

तिघी हसल्या. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच मी खोलीत गेलो, कारण थांबलो असतो तर बसलोच असतो.

जाड ब्रश घेतला, काळा रंग घेतला. अधू डोळ्यांना दिसतील एवढी अक्षरं काढायची म्हटल्यावर हवापाण्याला जागाच उरली नाही.

‘सही माझीच होती. मी गप्प बसलो. तू खरं सांगतोस. घरात दाखव.’

पान भरलं. माफीसाठी पान उलटणार होतो, पण रंग ओला होता. मग मी ते हात लांब करून धरलं. सगळं वाचता येत होतं.

रंग वाळेपर्यंत कपाटातून शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. नंतर गुपचूप घरी आणलेलं ते प्रूफ एकतीस वर्षं त्यात होतं. पिवळं पडलेलं, कोपऱ्यात ‘छापावे’ आणि खाली माझी सही. त्याच्या पोरांना वाचता येईल ते. दोन्ही कागद पाकिटात घातले, एक तिकीट जास्त लावलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी पाकीट अर्धं आत सरकवलं आणि हात तिथेच राहिला. पत्ता तपासावा म्हणून पाकीट पुन्हा ओढून घेतलं. पत्ता बरोबर होता. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती.

“काका, टाकताय की काढताय?”

“टाकतोय,” मी म्हणालो, आणि बोटं सोडली.