जन्माचं बेट

केशियाने भरलेल्या बॅगेतून बाळाची झबली, टोपडी एकेक करून बाहेर काढली आणि आजीच्या कपाटात परत रचून ठेवली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "माझं बाळ इथेच होईल. ह्या पलंगावर."

तिची आजी व्हर्ना दारात हात पुसत उभी राहिली. विमानाला अवकाश होता, पण एल्मरची गाडी खाली येऊन थांबलीसुद्धा होती. एल्मर व्हर्नाचा धाकटा दीर. पायऱ्या चढून धापा टाकत तो आत आला, पलंगावरचा पसारा त्याने पाहिला आणि खुर्चीत बसून हसला.

"शाबास पोरी. एका तरी पोराच्या जन्मदाखल्यावर आपल्या साबा बेटाचं नाव लागू दे. जन्मायचं सेंट मार्टिनला आणि मरायला तेवढं इथे यायचं, ही काय रीत झाली?"

"तू गप रे," व्हर्ना म्हणाली.

"का गप? पाच बेटांचं मिळून कुरासाओला एक सरकार होतं, तेव्हा भांडलो तरी घरातल्या घरात. आता सेंट मार्टिन वेगळा देश आणि आपण हॉलंडची नगरपालिका. राजा तेवढा एकच. समोर दिसतंय ते बेट, पण बाळंतपणाला जायचं म्हणजे परदेश. आणि कुणी जायचं, कधी जायचं, ते समुद्रापलीकडून हेगचं सरकार सांगणार."

"आणि मतदानाच्या वेळी घरोघर कोण फिरत होतं? 'वहिनी, हॉलंडशी थेट जोडून घेऊ, दवाखाना येईल, सगळं येईल.'"

"दवाखाना आला की."

"बाळंतपण सोडून."

एल्मरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आजी, तूच सांग त्या डॉक्टरांना," केशिया म्हणाली. "तुझी दोन्ही मुलं, बाबा आणि काका, इथेच झाली. सुईण स्वयंपाकघरात कॉफी पीत बसलेली आणि काका आपले आपणच बाहेर आले, हे तूच सांगतेस ना? महिनाभर त्या भाड्याच्या खोलीत मी एकटी काय करू? बाळाचा बाप, डेरेक, बोटीवर कामाला. तिथे मला ओळखतं कोण?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्तदाब थोडा चढतोय म्हणाले. सगळ्यांनाच घाबरवतात ते."

व्हर्नाने रिकामी बॅग पुन्हा तिच्यापुढे सरकवली, तशी केशिया उठून अंगणात गेली. अंगणाच्या कडेला घरच्यांच्या कबरी होत्या. व्हर्नाच्या सासऱ्यांची, सासूबाईंची, नवऱ्याची. त्यांच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता. लहानपणापासून रुसली की केशिया त्याच्यावर जाऊन बसे. आताही बसली, दोन्ही हात पोटावर ठेवून.

व्हर्ना हळूहळू तिच्यामागे गेली.

"तिथून उठ जरा," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत त्या दगडावरून तिने केशियाला कधी उठवलं नव्हतं. केशियाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती आधाराला हात टेकत उठली.

"तुझ्या बाबांच्या पाठीवर एक मुलगी झाली होती. त्याच पलंगावर. तेव्हा विमानं उतरत नव्हती इथे. समुद्र खवळलेला, त्यामुळे बोटही लागेना. माझं डोकं फुटायला आलं होतं, डोळ्यांपुढे अंधार. सुईणीने जीव ओतला. डॉक्टरांची जीप खालून चढून आली, तोवर सगळं आटपलं होतं. मी तेवढी वाचले."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? ती रडलीच नाही. माझ्या गोष्टींतली बाळं सगळी रडायची."

केशिया दगडाकडे बघत राहिली. ह्याच दगडावर तिने भातुकली मांडली होती.

"कागदावर नाही ती कुठे," व्हर्ना म्हणाली. "कुरासाओला नाही, हॉलंडला नाही. कुठलंच सरकार लागलं नाही तिला. तुला निव्वळ साबाचं बाळ हवंय ना? ते आहे आपल्याकडे."

वारा होता. दोरीवरचे कपडे फडफडत होते.  केशिया घरात गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज व्हर्नाने अंगणातूनच ऐकला.

विमानतळावर शिपायाने पासपोर्ट पाहून परत दिला. केशियाने आजीच्या गळ्यात हात घातले, पण दोघींच्या मध्ये पोट आलं आणि दोघींना हसू फुटलं. मग ती सावकाश विमानाकडे चालत गेली.

आखूड धावपट्टी संपते तिथे कडा आहे आणि खाली समुद्र. विमान त्या टोकावरून सुटलं, थोडं खाली गेल्यासारखं वाटलं आणि वर चढलं. पलीकडे सेंट मार्टिनचे डोंगर स्वच्छ दिसत होते. व्हर्ना कुंपणाच्या जाळीला धरून उभी होती.

"शेवटी धाडलीसच," एल्मर म्हणाला. "आता आपलं पोर परक्या देशात जन्मणार, वहिनी."

"जन्मू दे," व्हर्ना म्हणाली.