चावी तीनदा का फिरवायची?

बुवांनी बॉनेटवर तळहात टेकला आणि पन्नास-साठ माणसं एकदम गप्प झाली.

गॅरेजच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी जुन्या टायरांच्या ढिगावर बसलं होतं, कुणी शेडच्या खांबाला धरून टाचा उंचावत होतं. मधोमध आमची राखाडी गाडी. आत चालकाच्या सीटवर माझी सून, चावीवर हात ठेवून, तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ.

"नाडी लागत नाही," बुवा डोळे मिटून म्हणाले. "लागत नाही... थांबा... लागली!"

गर्दीने सुस्कारा सोडला.

लोक त्यांना नाडीबुवा म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"डॉक्टर माणसाची नाडी बघतो, मी यंत्राची," बुवा सांगू लागले. "इंजिन म्हणजे काय? लोखंडात कोंडलेला जीव! आणि सेन्सर म्हणजे त्याचे कान-डोळे. कान-डोळे रुसले की जीव गुदमरतो. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर त्याला मशीन लावून बघतात. अहो, रुसलेल्याला कधी मशीन लावतात का? त्याला समजवावं लागतं!"

मग त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनावर एक जाड निळं कापड अंथरलं आणि कापडाखाली हात घातला. ओठ पुटपुटत होते. एवढ्यात सून आतून ओरडली, "लागला! पिवळा दिवा लागला!"

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा पेटला होता. बुवांनी कोड वाचायचं हातातलं यंत्र गाडीला जोडलं, न बघताच शेजारी उभ्या असलेल्या एकाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा. हवेचा दाब मोजणारा सेन्सर. बरोबर?"

त्याने वाचलं आणि तो ओरडला, "बरोबर!"

नवा सेन्सर बसला. तोही कापडाखालीच. मग शेवटचा विधी. "ताई, चावी फिरवा. इंजिन सुरू करायचं नाही हं, नुसते दिवे लागू द्या. म्हणा, जाग रे अग्नी, जाग. म्हणालात? आता बंद करा. पुन्हा." असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बुवांनी हात उंचावला. "आता द्या हाक!"

सुनेने चावी पूर्ण फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका गृहस्थाच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

मी मात्र मनातल्या मनात दात-ओठ खात होतो. कारण महिन्याभरात हे तिसऱ्यांदा घडत होतं. पहिल्या वेळी पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर रुसला होता, दुसऱ्या वेळी हवेचं तापमान सांगणारा. दर वेळी नव्या सेन्सरचे पैसे जायचे, गाडी तिथे सुरू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हटून बसायची.

"घरी मात्र एकच करायचं," निघताना बुवांनी बजावलं. "चावी एकदाच फिरवायची. न थांबता, सरळ हाक. दोनदा फिरवलीत तर तो अविश्वास झाला. विधी फक्त या आवारात." आणि माझ्याकडे तिरका डोळा टाकून म्हणाले, "घरात एखादा शंकेखोर असला तर मग माझाही इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या दारात पुन्हा तेच. कर्र-कर्र-कर्र... थांब. कर्र-कर्र-कर्र... थांब. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजत होतो. बाराव्या वेळी गाडी खोकली, धूर सोडला आणि कशीबशी सुरू झाली.

सून घरोघरी जाणारी नर्स आहे. तिचा पहिला रुग्ण म्हणजे एक एकट्या राहणाऱ्या आजी. त्यांना सकाळच्या खाण्याआधी इन्सुलिन द्यावं लागतं. सून पोचेपर्यंत त्या भरलेल्या ताटासमोर हात बांधून बसतात. त्या दिवशी त्या तासभर बसल्या, त्यांना घेरी आली, आणि त्यांच्या मुलाने कार्यालयात तक्रार केली. संध्याकाळी सुनेच्या हातात पत्र पडलं. महिन्यातला हा पाचवा उशीर, लेखी खुलासा द्या, आणखी एकदा उशीर झाला तर काम बंद. माझा मुलगा जहाजावर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. तिचं काम गेलं तर घराची घडीच विस्कटणार होती.

तिने पत्र टेबलावर आपटलं. "तुम्ही काल तिथे उभे राहून हसत होतात, बाबा."

"हसत नव्हतो. दात खात होतो."

"तेच ते! बुवा म्हणालेच होते, घरात एक शंकेखोर पुरे."

"म्हणजे माझ्या शंकेने पेट्रोल पेटेनासं झालं? अगं, तू नर्स आहेस! कुणी रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून रक्तातली साखर सांगितली तर चालेल तुला?"

"मला काही माहीत नाही! तिथे सुरू होते आणि इथे होत नाही, एवढंच मला माहीत आहे!"

मी छत्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. मुलं चुकली तर मी कधी आवाज चढवला नाही. त्या संध्याकाळी मात्र चढवला. भोळसटपणा, अडाणीपणा, नाही नाही ते शब्द काढले. सून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला नंतर उमगलं की त्या सगळ्या भांडणात शास्त्राला धरून बोललेलं वाक्य एकच होतं आणि ते तिचं होतं. तिथे सुरू होते, इथे होत नाही. मी बुवांना नावं ठेवण्यात इतका गुंग होतो की त्या फरकाकडे बघितलंच नव्हतं.

बघितलं ते माझ्या दहा वर्षांच्या नातीने. ती इतका वेळ टेबलाखाली पाय हलवत बसली होती.

"आजोबा, तिथे चावी तीनदा फिरवतात ना?"

"हो."

"मग घरी एकदाच का?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. शिक्षकाला इतका आनंद क्वचित होतो.

"मलाही ठाऊक नाही," मी म्हणालो. "करून बघू या."

सकाळची वेळ सुनेची होती, ती आता तासभर आधीच उठून गाडीशी झटायची, त्या वेळेला आम्ही हात लावणार नव्हतो. पण ती दुपारी बाराला परत यायची आणि गाडी संध्याकाळपर्यंत दारात थंड व्हायची. संध्याकाळी सहाची वेळ आमची. दिवसाला एकच प्रयोग करता येणार होता, कारण एकदा सुरू झालेली गाडी पुन्हा लगेच सुरू व्हायचीच. नातीला धीर धरवेना. "आत्ता परत करू ना!" असं ती दहादा म्हणाली आणि मी दहादा "उद्या" म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी चावी तीनदा फिरवली, मंत्र म्हटला. गाडी सुरू!

"म्हणजे मंत्र खरा?" नात हिरमुसली.

"अजून ठरलं नाही. आपण दोन गोष्टी एकत्र केल्या. आता एक काढून टाकू."

दुसऱ्या संध्याकाळी चावी तीनदा फिरवली, पण मंत्राऐवजी नातीने सतराचा पाढा म्हटला. सतरा सत्ते चुकलं, तरी गाडी सुरू. तिसऱ्या संध्याकाळी चावी तीनदा फिरवताना मी मोठ्याने म्हणालो, "नाडीबुवा लबाड आहे." शेजारचे खिडकीत आले. गाडी सुरू. चौथ्या संध्याकाळी आम्ही भक्तिभावाने तीनदा मंत्र म्हटला, चावीला मात्र हात लावला नाही आणि मग एकदम सरळ हाक दिली. कर्र-कर्र-कर्र. ढिम्म!

नात आनंदाने नाचायला लागली. गाडी बंद पडल्यावर नाचणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

सून दारात उभी राहून बघत होती. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. ती आली, मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चावी फिरवा. नुसते दिवे लागू द्या. आणि दोघं गप्प बसा."

मी फिरवली.

"इथे खालून घूं आवाज येतोय. दोन सेकंद आला आणि थांबला. बंद करून परत फिरवा." तिने सीटला कान लावला होता. रुग्णाच्या छातीला लावतात तसा. "परत आला. बाबा, मागच्या सीटखाली काय असतं?"

"पेट्रोलची टाकी. आणि टाकीत पंप."

मग मी घरातून पाण्याचा पेला आणि पिण्याची नळी आणली. नळी पाण्यात बुडवली, वरचं तोंड बोटाने दाबलं आणि बाहेर काढली. पाणी आतच राहिलं. बोट उचललं, पाणी खाली पडलं.

"गाडी बंद झाल्यावर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीत पेट्रोल दाबाने भरलेलं राहायला हवं," मी म्हणालो. "ते धरून ठेवायला पंपात एक छोटी झडप असते. समजा, ती झिजली. मग हे बोट उचलल्यासारखं होतं. काही तासांत दाब जातो, पेट्रोल टाकीकडे परत जातं. सकाळी इंजिन फिरतं, पण त्याला प्यायला काही नसतं. चावी अर्धी फिरवली की पंप दोन सेकंद चालतो आणि थोडं पेट्रोल वर चढवतो. तीनदा फिरवली की..."

"नळी भरते!" नात ओरडली.

सून मात्र हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणून घरी एकदाच," ती हळूच म्हणाली. "त्याला हे माहीत होतं, बाबा. मी घरी तीनदा फिरवली असती तर परत त्याच्याकडे गेले नसते. तिकडे आजी उपाशी बसल्या होत्या, आणि त्याला माहीत होतं!"

रविवारी आम्ही गाडी सकाळीच बुवांच्या आवारात नेऊन ठेवली. तसा त्यांचा नियमच होता. गाडीने दिवसभर मौन पाळायचं आणि दर्शन संध्याकाळी. मौन म्हणजे इंजिन थंड करणं, हे आता आम्हाला कळत होतं.

संध्याकाळी पुन्हा गर्दी, पुन्हा निळं कापड. सून गाडीतून उतरली.

"बुवा, आज कापड न घालता हात लावा."

"शक्ती उघड्यावर उतरत नाही, ताई."

"बरं. मग मी उतरवते." तिने नातीला चावी अर्धी फिरवायला सांगितली, बॉनेटखाली वाकून सेन्सरचा प्लग दोन बोटांनी काढला आणि सगळ्यांना दाखवला. "दिवा लागला का गं?"

"लागला!"

"आता कोड वाचा कुणीही. ज्याचा प्लग काढला, त्याच सेन्सरचं नाव येणार. मी नर्स आहे. रुग्णाच्या बोटाची क्लिप निसटली की आमचं मशीन ओरडायला लागतं. म्हणून रुग्ण गेला असं आम्ही सांगत नाही, क्लिप परत लावतो!"

पुढची रांग हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, पण गाडी तर सुरू होते ना!"

सुनेने प्लग जोडला, सीटवर बसून तीनदा मंत्र म्हटला आणि सरळ हाक दिली. कर्र-कर्र-कर्र. शांतता. मग तिने चावी तीनदा अर्धी फिरवली. तोंडाने सतराचा पाढा चालू होता. या वेळी सतरा सत्ते बरोबर आलं. गाडी सुरू झाली.

बुवा क्षणभर गडबडले, पण माणूस मुरलेला होता. "बघा! माझ्या आवारात पाढ्यालाही मंत्राचं बळ येतं!"

सांगायला लाज वाटते, पण चार-पाच डोकी हलली.

"घरी पण झाली सुरू," नात खिडकीतून डोकं काढून म्हणाली. "आजोबांनी तुम्हाला लबाड म्हटलं तेव्हासुद्धा."

यावर मात्र सगळं आवार हसलं. बुवांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली आणि ते शेडमध्ये निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ठेवली. महिन्यापूर्वी आम्ही त्याच्याकडेच आधी गेलो होतो. तेव्हा तो म्हणाला होता, "आत्ता काही सांगता येणार नाही, ताई. रात्रभर ठेवा, थंड असताना दाब मोजून बघतो." सांगता येणार नाही म्हणणारा माणूस कुणाला आवडतो? डोळे मिटून पटकन सांगणारा आवडतो. मेकॅनिकने नळीला दाब मोजायचं घड्याळ लावलं. गाडी बंद करताच काटा आमच्या डोळ्यांदेखत खाली सरकू लागला. त्याने पंप बदलला. सुनेने जपून ठेवलेले तिन्ही जुने सेन्सरही तपासले. तिन्ही धडधाकट होते.

माझी चिडचिड अजून पुरती गेलेली नाही. पुढच्या रविवारी बुवांच्या आवारात गर्दी निम्मी झाली, पण झाली. त्याच आठवड्यात एक गृहस्थ स्कूटर ढकलत माझ्या दारात आले, वाकले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात. जरा ठेवा ना हिच्यावर." मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "पेट्रोल आहे का?" नव्हतं.

सुनेचं काम टिकलं. तिच्याकडून खुलासा मात्र लेखी हवा होता. यंत्रात बिघाड, एवढे दोन शब्द लिहिले असते तरी भागलं असतं. तिने लिहिलं, "बिघाड पंपात होता. पण पाच दिवस उशीर झाला तो माझ्यामुळे. मी एका माणसाच्या हातावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या कानांवर ठेवला नाही. त्यामुळे माझी रुग्ण उपाशी राहिली. याबद्दल मी तिची माफी मागितली आहे." तिच्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं आणि म्हणे विचारलं, "त्या बुवांचा पत्ता काय? म्हणजे, जायचं नाही म्हणून विचारते." त्यांच्याही गाडीत गेल्या महिन्यात दोन सेन्सर बदलले होते.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, मी एवढंच मागतो. जी गोष्ट एकाच जागी, एकाच माणसाच्या हातून आणि त्यानेच घातलेल्या अटींवर घडते, ती दुसऱ्या जागी, दुसऱ्या हाताने, अटी एकेक करून मोडत पुन्हा करून बघा. घडली तर कारण सापडेल. नाही घडली तरी सापडेल. शंका घेतल्याने कुठलंही इंजिन बंद पडत नाही. न घेतल्याने मात्र कुणाला तरी ताटासमोर उपाशी बसावं लागतं.