वरून दिसणारा कळप

सुकन्याला खेळाचं वेड कधीच नव्हतं. पण कॉलेजच्या मॅडमनी मोबाइलवर ‘माळराखण’ हा खेळ घ्यायला लावला आणि पोरगी त्यात बुडाली. आकाशातून काढलेले माळरानाचे ताजे फोटो यायचे. मेंढरं दिसली की बोट ठेवायचं. संगणकाला म्हणे धोंडा आणि मेंढरू यांतला फरक कळत नाही, म्हणून माणसं कामाला लावलेली.

सुकन्याला कळायचा. भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात. वरून तो नुसता धोंड्यांचा ढीग वाटतो. धनगराच्या लेकीला हे कुणी शिकवावं लागतं? तिनं होस्टेलच्या पोरींनाही खूण सांगितली. चौघींनी एकच जागा दाखवली की खेळ ती खरी धरायचा. तिचा पहिला नंबर लागला आणि ती हरखली. दाखवलेल्या जागेचं पुढं काय होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

रविवारी वडिलांचा, आप्पांचा, फोन आला. ते कळप घेऊन होटगीच्या पुढं उतरले होते.

“राखीव माळावरनं मेंढरं धरून नेली की. दुपारची हुबी हुती, नेमकी तितंच फारेष्टाची जीप आली. साहेब म्हणतोय, पोरं मोबाइलवर खेळत तुमाला दाखवत्यात. असलं कुटं असतंय व्हय? तुजा निंगप्पामामाच फुटलाय. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. आजपास्नं त्याची वाट येगळी.”

याच मामानं तिला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं.

“मामा न्हाय, आप्पा. मी दाखवलं.”

“तू तर सोलापुरात हाईस.”

“हितनंच. वरनं फोटोत दिसतंय.”

आप्पांच्या फोनमागं नेहमी मेंढरांचा कालवा असायचा. आज काहीच ऐकू येत नव्हतं.

“मग तूच सांग की,” आप्पा शेवटी म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि तेच तिला सोसेना. “मेंढरं सोडवून आणली तर दुपारची कुटं थांबवू? वरनं दिसत न्हाय अशी जागा हाय का?”

आप्पांनी फोन ठेवला.

शेजारच्या कॉटवरून अंकितानं मोबाइल पुढं केला. “तू शिकवलंस तसाच ढीग. तिघींनी दाखवलाय, चौथी तू.”

कुणाचा तरी कळप डोकी खुपसून उभा होता.

“धोंडं हायती ती,” सुकन्या म्हणाली.

अंकितानं पुन्हा निरखून पाहिलं. “न्हाय की,” ती म्हणाली, आणि पलीकडच्या खोलीतल्या विजयमालाला हाक मारली.