आचारसंहितेतलं पाणी

श्रुतिकाचं लग्न झालं त्या हिवाळ्यातली, म्हणजे दोन हजार सव्वीस नुकतं उजाडलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नात सासरी गेली आणि तिचा आजा भिकू अंथरुणाला खिळला. कापडे गावाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. वाडीच्या पाण्याच्या टाकीला भिकूनेच आपल्या जमिनीतला तुकडा दिला होता. टाकी बांधून झाली, भरून झाली, दारोदार नळ बसले. भिकूचं एकच म्हणणं, "दारात पाणी आलेलं बघतो नि जातो."

"मग येऊच नये ते मेलं पाणी," असं म्हणत त्याची बायको ठकूबाई हंडा घेऊन विहिरीची वाट धरायची.

पाणी सुटायच्या आदल्या दिवशी सरपंच येसाजी दारात आला. "काकी, आता थांबायला लागंल. आचारसंहिता लागली."

"कोणाला लागली रे?"

"सगळ्या जिल्ह्याला! निवडणूक हाय ना. नारळ फोडायचा नाय, हार घालायचा नाय, फीत कापायची नाय. टाकीच्या दगडावरचं माझं नावसुद्धा पोत्यानं झाकलंय." तो स्वतः पंचायत समितीला उभा होता. उद्घाटनाशिवाय पाणी सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून मुख्य नळाला त्याने कुलूपच घातलं.

ठकूबाई रात्रभर विचार करत राहिली. लागतं ते काय काय? भूत लागतं, नजर लागते, सुतक लागतं. नारळ नाही, हार नाही, म्हणजे हे सुतकच.

सकाळी भिकूने चहा बाजूला सारला. "आलं काय पाणी?"

"नाय."

"मी आता जास्त दिवस थांबत नाय गो."

ठकूबाईने पदर खोचला आणि तडक खाली ग्रामपंचायत गाठली. महाडहून येणारी ग्रामसेविका दीप्ती तिथे खळ लावून फलकावरच्या नावांवर वर्तमानपत्र चिकटवत होती.

"बाय गो, हे सुतक कधी फिटणार?"

"कोण गेलं, आजी?"

"अजून कोण नाय. त्या आचारसंहितेचं विचारते मी. सुतकात नारळ नाय फोडायचा, ते मला कळतं. पण घरातल्या माणसाला पाणी पण नाय द्यायचं?"

दीप्तीला हसू फुटलं, पण सगळं ऐकल्यावर ते मावळलं. "आजी, बंदी कार्यक्रमाला आहे, पाण्याला नाही. सरपंचांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." खळीचे हात पुसून तिने पंप बघणाऱ्या चांगूला हाक मारली.

तिघं टाकीपाशी पोचली, तर येसाजी आधीच हजर. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात कापडी पिशवी.

"तुम्ही उमेदवार आहात. तुम्ही इथे नकोत," दीप्ती म्हणाली.

"मी कुठं आलोय, मॅडम? मी म्हस शोधतोय."

"म्हस तू दसऱ्याला विकलीस ना रे?" ठकूबाईने विचारलं.

"आणि पिशवीत काय आहे?" दीप्तीने विचारलं.

"नारळ. वाटणाला."

दीप्तीने हात पुढे केला. येसाजीने जड मनाने किल्ली तिच्या हातावर ठेवली. चांगूने नळ फिरवला. खालच्या घरांतले नळ खोकले, गढूळ थुंकले आणि मग धो धो वाहू लागले. बायका टाळ्या वाजवणार, तोच दीप्ती ओरडली, "टाळ्या नकोत!" सगळ्यांचे हात हवेतच राहिले. येसाजीने फोटोसाठी मोबाइल वर केला, दीप्तीची नजर बघून तो कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करत उतरणीला लागला.

ठकूबाईने दारातल्या नळावर तांब्या भरला आणि उंबऱ्यात थबकली. पाणी बघून हा माणूस खरंच गेला तर? तांब्या मागे ठेवून नाय आलं म्हणावं, असंही एकदा मनात आलं. पण नळाचा आवाज आत जात होता आणि भिकू केव्हाचा उशीवरून मान उचलून बघत होता. तिने तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

दोन घोट घेऊन भिकूने तोंड वाकडं केलं. "औषध घातलंय यात."

"ब्लिचिंग हाय ते. जाईल हळूहळू वास."

"विहिरीचं गोड हाय."

"मग हे गोड होईस्तोवर ऱ्हावा आता."

"बघू," भिकू म्हणाला आणि आणखी एक घोट मागितला.

पुढे मतदान झालं, निकाल लागला. भिकू महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, घरातच वारला.